चादरीवरचा शब्द

राजश्री लोंढेचा ओठ फाटला होता आणि ती रडत नव्हती. तेवढ्यावरूनच मी ओळखलं, हे रोजचं भांडण नाही.

"कोणी मारलं गं?"

तिने नुसतं बोट केलं. सातवीच्या दारात लावण्या म्याकल उभी होती. हातात परीक्षेचं लाकडी पॅड, लोखंडी चाप असलेलं. तो चापच लागला होता.

"लावण्या, तू मारलंस?"

"हो बाई."

"का?"

मान खाली घालून दोन्ही हात पाठीमागे घेतले तिने. ती नेहमीच हात पाठीमागे ठेवायची. दोन वर्षं माझ्या वर्गात होती, पण हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, मी आधी घड्याळ बघितलं. पावणेबारा झाले होते. खिचडी चाखून वहीत सही करायची होती, सहावीचे पेपर तपासायचे होते आणि तीनच्या आत मतदार याद्या घेऊन ऑफिसात पोचायचं होतं. पायांना सकाळपासूनच सूज. बावीस वर्षं नोकरी झाली होती माझी, आणि त्या दिवसांत तर मी उभ्या उभ्या झोपेन की काय अशी परिस्थिती. अशात हा फाटका ओठ!

आमची शाळा सोलापुरात, बंद पडलेल्या एका गिरणीच्या मागच्या गल्लीत. महापालिकेची शाळा. कोणाचा बाप यंत्रमागावर, कोणाची आई बिड्या वळायला, कोणाच्या घरात कोणीच कामावर नाही. मोठ्यांची भांडणं सकाळी दप्तरातनं शाळेत यायची आणि मधल्या सुट्टीत नळावर सुटायची. मुलं वाईट नव्हती हो. फार दमलेली होती. त्यांना बघून मी दमत होते आणि मला बघून ती.

हेडमास्तर बिराजदार सरांनी राजश्रीचा ओठ बघितला आणि टेबलावर हात आपटला.

"बास झालं! दाखला देऊन टाका हिला. उद्या लोंढेचा बाप माणसं घेऊन दारात आला तर तुम्ही उभ्या राहणार का पुढं?"

"सर, सातवीच्या मधेच दाखला दिला तर ती पुढं शिकणार आहे का? घरीच बसेल."

"मग काय करायचं? आरती ओवाळायची?"

"चादरीवर घेते दोघींना," मी म्हणाले.

सर हसले. चेष्टेनं हसले, पण हो म्हणाले. मला एक दिवस मिळाला.

चादर म्हणजे काय ते सांगायला हवं. आदल्या वर्षी पुण्याची एक संस्था आमच्या शाळेत आली. मुलांना नेतृत्व शिकवायचं, भांडणं हात न उचलता मिटवायला शिकवायचं, असा त्यांचा कार्यक्रम. एक मृण्मयीताई म्हणून चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी दर महिन्याला यायची. दोन दिवस आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. अर्धे शिक्षक डुलक्या काढत होते, त्यात मीही होते. हिला एकदा आमच्या नळावर मधल्या सुट्टीत उभं करा, मग बघू हिची शांतता, असं मी शेजारच्या बाईंच्या कानात बोललेसुद्धा. शेवटी हे काम कोणाच्या गळ्यात घालायचं असा प्रश्न आला तेव्हा सगळे एका सुरात म्हणाले, "होटगीकर बाई घेतील की." झालं. घेतलं.

संस्थेनं सांगितलं होतं, भांडणारी मुलं समोरासमोर बसवा. जमीन गार, म्हणून मी घरनं एक जुनी सोलापुरी चादर आणली. निळी-पांढरी, मधे विरलेली. तिच्यावर बसायचे तीन नियम ठरले. पहिला, चपला बाहेर. दुसरा, आपलं गाऱ्हाणं आधी सांगायचं नाही. आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं, आणि समोरच्यानं 'बरोबर' म्हटल्याशिवाय आपलं सुरू करायचं नाही. तिसरा, इथलं इथंच. चादरीवर बोललेलं चादरीवरच राहील, बाहेर जाणार नाही.

मुलांनी दर महिन्याला एक नायक निवडायचा, त्यानं मधे बसायचं. आमच्या सातवीनं लागोपाठ तीन महिने मेहजबीन शेखला निवडलं होतं. बारीकशी मुलगी, आवाज हळू, पण तिच्यासमोर खोटं बोलायला जीभ वळायची नाही कोणाची. माझीसुद्धा. शिक्षकांनी बाजूला बसायचं, बोलायचं नाही, असा संस्थेचा दंडक होता. मला तो फार आवडायचा. बसायला मिळायचं ना!

तर त्या दुपारी दोघी चादरीवर बसल्या. राजश्रीच्या ओठावर हळद होती.

"लावण्या, तू राजश्रीचं सांग," मेहजबीन म्हणाली.

लावण्यानं आधी राजश्रीच्या ओठाकडे बघितलं. मग म्हणाली, "तिला माझ्या हाताचा वास आला. तंबाखूचा. तिला मळमळतं. म्हणून ती म्हणाली, माझ्या डब्याला हात लावू नको, घाण."

"बरोबर," राजश्री म्हणाली.

"आता राजश्री, तू लावण्याचं सांग."

"मला काय माहीत? ती कधी सांगतच नाही काही. दोन वर्षं शेजारी बसते, पण घरी बोलवत नाही, खेळायला येत नाही. शाळा सुटली की पळते."

"तेवढंच सांग मग."

"ती सांगत नाही. एवढंच."

"बरोबर," लावण्या म्हणाली. आणि तिने पाठीमागचे हात पुढे आणून चादरीवर ठेवले. अंगठा आणि पहिल्या बोटाची कातडी जाड, पिवळी पडलेली. तेरा वर्षांच्या मुलीचे हात नव्हते ते.

"आई दिवाळीपासून पडून आहे. दम लागतो तिला, बसवत नाही. बिड्या मी वळते. पहाटे चारशे, शाळेतनं गेल्यावर चारशे. कारखान्याचं बिडी कामगाराचं कार्ड आईच्या नावावर आहे. बिड्या द्यायला शेजारची मावशी जाते. मी वळते हे कारखान्यात कळलं तर कार्ड बंद करतील. काल छाट फार निघाली, खराब म्हणून खूप बिड्या परत आल्या, म्हणून पुन्हा वळायला बसले. झोपच झाली नाही. सकाळी ही म्हणाली, घाण. पॅड हातात होतं."

मग लावण्या एकदम माझ्याकडे वळली.

"इथलं इथंच ना, बाई?"

"इथलं इथंच," मी म्हणाले.

राजश्री तेव्हा रडली. ओठ फाटला तेव्हा न रडलेली मुलगी हमसून हमसून रडली. दुसऱ्या दिवशी तिने घरनं अर्धं लिंबू आणलं आणि नळावर उभी राहून लावण्याच्या हाताला स्वतः चोळलं. लिंबानं वास जातो म्हणे. मग रोजच आणायला लागली. तिच्या बापाला तिने सांगून टाकलं, मी पायरीवरनं पडले. बिराजदार सर मला म्हणाले, "बाई, जादू केली बघा तुम्ही."

मला फार बरं वाटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी शिकवलंय असं वाटलं. ते सुख मला पचलं नाही, हीच तर खरी गोष्ट आहे.

संस्थेला दर महिन्याला एक यशोगाथा लागायची. छापील कागद यायचा: भांडण कशावरून झालं, मुलांनी कसं सोडवलं, त्यातून नेतृत्वगुण कोणते दिसले. आता दर महिन्याला यशोगाथा आणायची कुठून? मी रचायची. माझ्या यशोगाथांत दोन मुलं होती, आकाश आणि प्रकाश. जूनमध्ये ती चेंडूवरनं भांडली, जुलैत बाकावरनं, ऑगस्टमध्ये कंपासवरनं, आणि प्रत्येक वेळी गळ्यात गळे घालून घरी गेली. अशी मुलं आमच्या शाळेत नव्हती. कोणी विचारलंही नाही.

जानेवारीत मृण्मयीताई म्हणाली, "बाई, यावेळी सगळ्या शाळांच्या यशोगाथांची पुस्तिका निघणार आहे, पहिलीला बक्षीसही आहे. अगदी खरी, मनाला भिडणारी गोष्ट हवी. उद्या सकाळी द्याल ना?"

शाळा सुटल्यावर मी कागद पुढे ओढला. पाय स्टुलावर, शेजारी पेपरांचा गठ्ठा. आकाश-प्रकाशला आता कशावरून भांडवायचं ते सुचेना. डोकं बंद पडलं होतं. आणि पेन आपोआप चालायला लागलं. तंबाखूचा वास, लिंबू, पिवळी बोटं, आजारी आई, पहाटेच्या चारशे बिड्या. वीस मिनिटांत लिहून झालं. मी लावण्याच्या जागी 'लता' लिहिलं, राजश्रीच्या जागी 'रजनी'. नाव बदललं म्हणजे झालं, असं मला वाटलं. अहो, खरंच वाटलं! मला 'इथलं इथंच' आठवलं नाही असं नाही. आठवलं. नाव बदललंय की, असं म्हणून मी ते बाजूला सारलं.

माझी यशोगाथा पहिली आली.

मग काय विचारता! शाळेत समारंभ ठरला. पालकांना बोलावलं, पटांगणात खुर्च्या मांडल्या. मंचावर संस्थेची माणसं, बिराजदार सर, आणि शाळा समितीचे अध्यक्ष कोंडा. हे कोंडा आमच्याच शाळेतल्या एका मुलाचे वडील, आणि नोकरीला बिडी कारखान्यात मुनीम. लावण्याच्या आईचं कार्ड त्यांच्याच शाखेत होतं. ते मला माहीत होतं का? होतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं का? नाही.

मला शाल दिली, नारळ दिला. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला गोड लागल्या, हेही सांगते. आणि मग बिराजदार सरांना उत्साह आला. त्यांनी पुस्तिका उघडली आणि माइकवर माझी यशोगाथा वाचायला सुरुवात केली. सरांचा आवाज खणखणीत.

'लता सातवीत शिकते. तिच्या हातांना तंबाखूचा वास येतो...'

पालकांमध्ये निम्म्या बायका बिड्या वळणाऱ्या. 'आई दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेली' हे वाक्य आलं आणि एकेक मान वळायला लागली. सगळ्या नुसत्या एकाच दिशेला बघत होत्या. पुढे सतरंजीवर मुलं बसली होती, त्यांत लावण्या. तिने हात परकराखाली घातले. शेजारी बसलेल्या राजश्रीनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी शाल पांघरून मंचावर बसले होते. सरांना थांबवायला हवं होतं. माइक काढून घ्यायला हवा होता. मी बसूनच राहिले.

कोंडांनी पुस्तिका मिटून खिशात घातली.

तिसऱ्या दिवशी कार्ड बंद झालं. कोंडांनी मावशीला बिड्यांसाठीचं पान-तंबाखू दिलंच नाही. लावण्या शाळेत येईना. राजश्री यायची, पण माझ्याशी बोलायची नाही. हजेरी घेताना 'म्याकल' म्हटलं की सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघायचा. मी दोनदा लावण्याच्या घरी जायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा काहीतरी काम काढलं. भीती वाटत होती मला. आणि दमले होते. दमणूक ही फार सोयीची गोष्ट असते.

आठव्या दिवशी लावण्या आली. गणवेशात नव्हती. हातात अर्ज होता, तिच्याच सुवाच्य अक्षरात. विषय: शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत. आईला आणि तिला भिवंडीचा मामा नेणार होता. मामाच्या घरी माणसं खूप, कामं खूप. पुढच्या शाळेचं नाव अर्जात कुठंच नव्हतं.

"लावण्या," मी म्हणाले, आणि खुर्ची पुढे सरकवली. "बस ना."

"नको बाई."

बिराजदार सर अर्ज वाचत होते, तेवढ्यात दारात मेहजबीन आली.

"सर, येऊ? बाई, लावण्यानं तुम्हाला चादरीवर बोलावलंय."

सरांनी चष्मा काढला. "कोणाला?"

"बाईंना."

"असं कुठं असतं का? शिक्षकांना बोलावतात का? जा वर्गात!"

"नियमात मुलांनाच बोलवायचं असं लिहिलेलं नाही सर," मेहजबीन हळूच म्हणाली. "मी वाचून आलेय."

"बाई, तुम्ही काही जायचं नाही," सर माझ्याकडे वळले. "उद्या मलाही बसवतील खाली."

मीही नाहीच म्हणणार होते. माझ्यासमोर हजेरीपट होता, त्याच्यावर माझा हात होता. हा पूर्ण करते आणि येते, असं म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. लावण्या अर्जाकडे बघत होती. तिने हात पाठीमागे घेतले होते. दाखला एकदा हातात पडला की ही मुलगी पुन्हा कोणत्या शाळेत बसणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी उठले.

सातवीच्या वर्गाबाहेर चपला काढल्या. चादरीवर बसताना गुडघे वाजले. समोर लावण्या, मधे मेहजबीन, आणि जिथं मी एरवी बसायची तिथं राजश्री.

"बाई, लावण्याचं सांगा," मेहजबीन म्हणाली.

"लावण्या, मी नाव बदललं होतं गं. मला वाटलं—"

"बाई, हे तुमचं झालं. आधी तिचं."

शिकवताना हा नियम किती सोपा वाटायचा! मी पुन्हा सुरू केलं.

"लावण्याला असं वाटतं, की मी तिचा विश्वास—"

"वाटत नाही," लावण्या म्हणाली. "झालंय."

"बरं. मी शब्द दिला होता आणि तो मोडला. तिनं चादरीवर सांगितलेलं मी लिहून काढलं. ते कोंडांना कळलं. कार्ड बंद झालं. आता तिला शाळा सोडून जावं लागतंय."

मी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली.

"अर्धं बरोबर."

अर्धं? आता आणखी काय राहिलं? मी विचार करत बसले. बाहेर सहावी पाढे म्हणत होती. खरं तर काय राहिलं ते मला माहीत होतं, तोंडातनं निघत नव्हतं. मेहजबीननं घाई केली नाही. ही मुलगी वाट बघायला कोणाकडनं शिकली होती कोण जाणे, माझ्याकडनं तर नक्कीच नाही.

"सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या," मी शेवटी म्हणाले, "तेव्हा ती खाली बसली होती आणि मी वर. तिच्या आईच्या दुखण्यावर मला शाल मिळाली. मला सर्वांसमोर सरांना थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. टाळ्या आवडल्या मला."

लावण्यानं पटकन डोळे पुसले.

"बरोबर."

"आता तू बाईंचं सांग," मेहजबीन म्हणाली.

मी मनातनं तयारी केली होती. ही मुलगी मला बोलेल, बोलायलाच हवं, ऐकून घ्यायचं. लावण्यानं हात पुढे आणले आणि चादरीवर ठेवले.

"बाईंचे पाय सुजतात. दुपारनंतर चपलेत बसत नाहीत. बाई खिचडी चाखतात, पण स्वतःचा डबा चार वाजता खातात. कधी तसाच घरी नेतात. बाईंना दर महिन्याला गोष्ट लिहायला लागते. आकाश-प्रकाशच्या खोट्या गोष्टी आम्हाला माहीत आहेत, कपाटात कच्चे कागद असतात. बाईंना खोट्याचा कंटाळा आला होता. आमची गोष्ट खरी होती. आणि चांगली झाली होती. बाईंना ती कोणाला तरी सांगावीशी वाटली." ती थांबली. "आणि बाई फार दमल्या होत्या. दमल्यावर माणूस हाताला लागेल ते उचलतं. मी पण पॅड तसंच उचललं होतं."

मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "बरोबर, बाई?"

नवऱ्यानं, सुनेनं, हेडमास्तरांनी, कोणी कधी विचारलं नव्हतं मला दमलीस का म्हणून. आणि जिचं मी वाटोळं केलं होतं, ती तेरा वर्षांची पोर माझी बाजू माझ्यापेक्षा नीट मांडत होती. मी पदर तोंडाला लावला आणि रडले. राजश्री उठून पाणी घेऊन आली.

"बाई, 'बरोबर' म्हणावं लागतं," मेहजबीन म्हणाली.

"बरोबर," मी म्हणाले.

"आता लावण्या, तुला काय हवंय?"

लावण्यानं ते ठरवूनच आणलं होतं. "बाईंनी सांगायचं, ती गोष्ट खोटी आहे. आकाश-प्रकाशसारखीच रचलेली. लता कोणी नाहीच. सगळ्यांना सांगायचं. कोंडा काकांना लिहून द्यायचं. मग कार्ड सुरू होईल. मग मामाकडे जायला नको."

मी तिच्याकडे बघतच राहिले. खोट्या लिहिल्या त्या खऱ्या म्हणून फायलीत बसल्या होत्या, आणि एकुलती एक खरी मला खोटी म्हणून जाहीर करायची होती. आणि जाहीर केली, की ही मुलगी पुन्हा पहाटे चारशे बिड्या वळायला बसणार, तेही माझ्या सहीनं. हे मला दिसत होतं. पण तिच्या आईला औषध कशावर येणार, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणाकडेच नव्हतं. होतं ते एवढंच, की ती सकाळी लिंबू चोळून वर्गात येऊन बसेल.

"देते लिहून," मी म्हणाले.

कोंडांकडे मी त्याच संध्याकाळी गेले. ते वाईट माणूस नव्हते. कार्डवाल्या बाईऐवजी लहान मुलगी बिड्या वळते हे उघड झालं, तर त्यांचीच नोकरी जायची. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला.

"बाई, तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"काही नाही. मला कागद पाहिजे होता, मिळाला." आणि त्यांनी तो जपून फायलीत लावला.

पुढच्या पालकसभेत मी माइक मागून घेतला. शाल टेबलावर ठेवली. म्हणाले, यशोगाथा मी मनानं रचली होती, असं काही घडलंच नव्हतं, मला बक्षिसाचा मोह झाला. बायका ऐकत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "असं का, खोटं होतं होय? बरं झालं बाई!" आणि मग सगळ्याच माना डोलवायला लागल्या. बिराजदार सर मात्र लाल झाले. मृण्मयीताई रडली. "बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," म्हणाली. तिला मी काय सांगणार? इथलं इथंच. संस्थेनं आमच्या शाळेतला कार्यक्रम बंद केला आणि वर लेखी कळवलं. माझी चौकशी झाली, दोन ओळींची. मी सगळं कबूल केलं.

कार्ड सुरू झालं. दाखल्याचा अर्ज लावण्यानं स्वतः फाडला. कार्यक्रम गेला, पण चादर कोणी नेली नाही. मेहजबीननं ती वर्ष संपेपर्यंत चालवली. पुढच्या सातवीला नियम शिकवूनच ती शाळेतनं बाहेर पडली.

गेल्या मे महिन्यात मी निवृत्त झाले. कागद पुरे करायला ऑफिसात गेले, तर तिथला तरुण क्लार्क माझं सेवापुस्तक चाळत एका पानावर थांबला.

"बाई, हा शेरा बघितलात? 'वरिष्ठांस व सहयोगी संस्थेस खोटी माहिती सादर केली. समज देण्यात आली.' सबंध नोकरीत एवढा एकच डाग आहे. तुम्हाला काही म्हणणं मांडायचंय का याच्यावर? अजून मांडता येईल."

आकाश-प्रकाशच्या सगळ्या यशोगाथा त्याच इमारतीत कुठंतरी सुखरूप असतील.

"नाही," मी म्हणाले. "बरोबर आहे."

लावण्या आता एका दवाखान्यात रक्त तपासते. पहाटे उठायची सवय आहे, म्हणून सकाळची पाळी मागून घेते. तिची आई परवाच्या पावसाळ्यात गेली, आणि तिच्याबरोबर कार्डही संपलं. महिन्याभरापूर्वी तिचा फोन आला. मी सहज म्हणाले, सेवापुस्तकात असं असं लिहिलंय गं.

"बाई, आता लिहा तुम्ही ती गोष्ट," ती म्हणाली. "खरी. जशी झाली तशी."

"अगं पण चादरीवरचं..."

"माझं आहे ना ते? मीच बाहेर काढते. आणि बाई, या खेपेला नाव बदलायचं नाही."